दवाखान्याच्या वेबसाइटवरची वऱ्हाडी

माय, आज तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली असतीस, "भांड, पण हात चालू ठेव." राजापेठेतल्या या घरात आता माझ्याशी धड भांडणारंही कोणी नाही. लेकरं इंग्रजी शाळेतली, चिडली तरी 'सॉरी' म्हणतात.

मी काय काम करते ते तुला कधी नीट उमगलं नाही. 'पोट्टी कंपूटरवर बसते,' एवढंच तू बाजारात सांगायचीस. सध्या आमच्याकडे अकोल्याच्या एका दवाखान्याची वेबसाइट आहे. पेशंटनं घरूनच नंबर लावायचा, काय होतंय ते आधीच भरायचं. ती सगळी इंग्रजीत होती. तिच्यात बाकीच्या भाषा घालायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे पडद्यावरचं एकेक वाक्य बाहेर काढायचं, त्याच्यापुढे हिंदी लिहायचं, मराठी लिहायचं, आणि माणसानं भाषा निवडली की अख्खं पान त्या भाषेत दिसेल असं करायचं. हिंदी झाली, मराठी झाली. मग मी आपल्या मनानंच चौथी घातली, वऱ्हाडी. साहेब म्हणाले, "कशाला उगाच?" मी ऐकते होय!

कारण मला तू दिसत होतीस. वलगावहून भाजी आणून अमरावतीच्या बाजारात कोथिंबीर चिवडणाऱ्या भल्याभल्यांना सुनावणारी, "घ्याचं तं घ्या, सांभाराले कुस्करू नका." आणि तीच तू डॉक्टरसमोर पदर सावरून बसली आहेस. तो विचारतोय, "वेदना नेमक्या कुठे होतात?" आणि तू म्हणतेस, "काही नाही, बरं आहे." घरी पोट धरून लोळायचीस आणि तिथे बरं आहे! खरं सांगितलंस तेव्हा फार उशीर झाला होता. मला त्याचा राग येतो गं, अजून येतो.

म्हणून मी लिहिलं, 'कुठी दुखून राहिलं? कवापासून? लाजू नका, सांगा.' परवा मूर्तिजापूरला दवाखान्याचं शिबिर होतं, तिथे आलेल्या बायांना मोबाइलवर दाखवलं. तुझ्याच वयाची एक मावशी अक्षर अक्षर लावून वाचू लागली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे असं कोनं लिवलं वं? दवाखाना हाये का तमाशा? आमाले अडाणी समजून राहिले का?" शेजारच्या बायाही तिच्याच बाजूच्या. माझं तोंड एवढंसं झालं. मराठी लावून दिली. 'वेदना कुठे होतात?' या प्रश्नाखाली तिनं 'त्रास नाही' यावर बोट टेकवलं. दुसरा हात पोटावर होता.

मला राहवलं नाही. मोबाइल बाजूला ठेवून म्हटलं, "काहून लपवून राहिली वं मावशी? पोट दुखते न?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू इकडचीच हाय काय वं?" म्हणाली, आणि मग सुटलीच. जेवण जात नाही, झोप लागत नाही, सुनेला सांगितलेलं नाही. मी जाऊन सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी तिला लगेच तपासायला घेतलं.

आज वऱ्हाडी काढून टाकली. साहेबांना सांगितलं, लोकांना आवडली नाही. खोटं नाही ते. मावशीचा रागही बरोबरच होता. दवाखाना कुठे असा बोलतो? ते प्रश्न दवाखान्याचे नव्हतेच, माय. मी तुलाच विचारत बसले होते. साहेबांना काही हे सांगवलं नाही, आणि हे पत्र तरी कुठे टाकणार? फॉर्म नीट चालतो का ते पाहायला खोटी खोटी उत्तरं भरावी लागतात. ती मी दर वेळी तुझ्या वतीनं भरायचे. पोटात. लय दिवसापासून. एवढंच तर बोलायचं होतं तुला.