रंगाच्या खड्ड्याचं पाणी

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिखल्यास अ. उ. आ.

माती चाळून पगार घेणाऱ्या भावाला मी याच नावाने हाक मारणार, पन्नाशी आली तरी. तोच चिखल तुला नडला म्हणे आणि पाय प्लास्टरमध्ये. नीट वाग.

तुझ्या भावोजींनी रंगारीकाम बंद केलं. डोळ्यांना सोसेना. भट्ट्या विझल्या, पिंपं गेली, उरला मागचा खड्डा. बावीस वर्षं उरलंसुरलं रंगपाणी त्यात गेलं. विहीर तिथून चाळीस पावलांवर आणि सूनबाईला सहावा महिना. आजवर पाण्याला रंग आला नाही, पण मनात पाल चुकचुकते. खड्ड्याचं काय करू ते लवकर कळव. भावोजी म्हणतात, एवढा शिकलाय, एकदा तरी कामाला येऊ दे.

माया आहे, ती असू दे.

तुझी आक्का

ता. १३ फेब्रुवारी

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

भावोजींना सांग, आलो कामाला. पाय धड असता तर येऊन पाहिलं असतं. पण तुमची विहीर खणताना मी काठावरच बसून होतो. वर पुरुषभर चिकट काळी माती, तिच्याखाली जाड वाळू, तळाला पिवळी चिकणमाती. वाळू म्हणजे चाळणीच. खड्ड्यात रोज स्वच्छ पाणी ओतत राहा. रंग धुऊन वाळूत उतरेल आणि पातळ होऊन दूर निघून जाईल. तोवर तुमच्या विहिरीचं पाणी पिऊ नका, म्हणजे झालं. उगाच काळजी करू नकोस, याच कामाचा मी पगार खातो.

सूनबाईस आशीर्वाद. लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.

तुझा चिखल्या

ता. १२ मार्च

चि. चिखल्यास अ. उ. आ.

भावोजी रोज सकाळी कंबर धरून चाळीस बादल्या ओततात. पण पाणी उतरेचना! तू चाळणी म्हणालास आणि इथे डबकं साचलं. भावोजी तुझ्या नावाने बोटं मोडत होते. परवा मात्र तासाभरात सगळं गडप झालं. आम्ही दोघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आता भावोजी येईल-जाईल त्याला तुझं कौतुक ऐकवतात.

तू लिहिल्यापासून आपल्या विहिरीला हात लावला नाही. उताराखालच्या मास्तरीणबाई एकट्याच राहतात. त्यांनी स्वतःची विहीर आम्हाला मोकळी केली. पाणी इतकं गोड की सूनबाई तांब्यावर तांबे रिचवते.

पायाला जप. आठवण काढत जा.

तुझी आक्का

ता. २० मार्च

ती. सौ. आक्कास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून पायाखालची जमीन सरकली. पाणी उतरेना हे वाचलं आणि कुबडी टेकत प्रयोगशाळेत गेलो. काचेच्या पेटीत खाली वाळू, वर काळी माती भरली आणि पाणी ओतलं. वाळूपाशी येऊन ते थांबलं. बारीक माती पाणी धरून ठेवते, जाड वाळूला देत नाही. पुरती भिजली की मगच सोडते, तेही एखाद्याच जागेतून, धार लागावी तसं. हे मी शिकलोय, आक्का, परीक्षेत लिहिलंय. घरच्यांनी विचारलं तेव्हा मात्र तोंडाला येईल ते सांगून मोकळा झालो. बावीस वर्षं ती माती रंग धरून बसली होती. मी तिला तो सोडायला लावला.

तळाची चिकणमाती पाणी पिणार नाही. तिच्यावरून ते उताराकडे जाईल, म्हणजे मास्तरीणबाईंकडे. ओतणं थांबवा. तिथलं पाणी कोणी पिऊ नका, बाईंनाही आजच सांग. डॉक्टर मला प्रवास करू देत नाहीत, आणि येऊन तरी काय करणार? उतरलेलं पाणी मागे ओढता येत नाही. तुमच्या गल्लीत एक फोन असता तर! हे पत्र पोचायला आठ दिवस लागतील आणि तोवर तू सूनबाईला तांब्या भरून देत राहशील.

मला माफ कर.

चिखल्या

ता. २९ मार्च

चि. भावास अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. आपली विहीर आरशासारखी स्वच्छ आहे. मास्तरीणबाईंच्या पाण्यावर चार दिवसांपूर्वी गुलाबी झाक आली. तेव्हाच आम्ही ते पिणं थांबवलं, पण त्याआधी किती पोटात गेलं कोण सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता काही कळणार नाही, वाट पाहायची. सूनबाई पोटावर हात ठेवून बसून असते. मला काही विचारत नाही, तेच सोसवत नाही.

आज तुझं पत्र घेऊन बाईंना सगळं सांगायला निघाले, तर बाईच आमच्या दारात उभ्या, कळशी घेऊन. आपल्या विहिरीचं पाणी मागत होत्या. भावोजींनी खाली मान घालून कळशी भरली. मग बाई सूनबाईजवळ बसल्या, तिचे हात हातात घेतले आणि रडायला लागल्या. दोन जिवांच्या पोरीला आपण असलं पाणी पाजलं, म्हणून तिची माफी मागत होत्या.

पत्र माझ्या हातातच होतं. मी एक शब्द बोलले नाही.

तू तरी लोभ सोडू नकोस.

तुझी आक्का