मेटॅडोरची दुसरी बॅटरी

११ फेब्रुवारी २००७
गिरणी विकली, मेटॅडोर आणली. पिठाच्या धुळीनं बायकोला, गिरिजाला, दमा लागला, असं डॉक्टर म्हणतात. त्यावर समुद्राची हवा, असं मी म्हणतो. मागं दोन बाकं, पंखा, गॅस बसवायलो. अख्ख्या वडीगोद्रीत अशी राहायची गाडी कुणाकडं न्हाई.
एकच अडचण. दम लागला की गिरिजाला वाफेचं मशीन लागतं, मशीनला करंट लागतो. म्हणून गाडीत इन्व्हर्टर आणि दुसरी बॅटरी. बायको म्हणे, बॅटरी घरात बसवा, लोडशेडिंगमध्ये माझा जीव जातो. पण घर कोकणात जातं का? गाडी दारातच उभी असते, वायर ओढली की घरातही चालतं. उठून भाकरी थापायला गेली. म्हणजे पटलं.

१६ फेब्रुवारी
नजीरभाईच्या बॅटरीच्या दुकानात गेल्तो. कशाला पाहिजे, दोनदा विचारलं त्यानं. मी ताकास तूर लागू दिली न्हाई. काम सांगितलं की महागातली गळ्यात मारतात. ट्रॅक्टरची घेतली. जी ट्रॅक्टर चालू करते तिला एवढंसं मशीन काय जड? उभा जन्म गिरणी चालवली, करंट मला कुणी शिकवू नये.

४ मार्च
दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडल्या. माझा मेहुणा रामकिसन जालन्याहून आल्ता. म्हणे, मधे स्विच ठेवा, न्हाईतर एक उतरली की दुसरीलाही उतरवंल. फालतू खर्चा. नवरा-बायकोच्या मधे कुठं स्विच असतो?

११ मार्च
मशीन लावून पाहिलं. थोडा वेळ बराबर चाललं, मंग इन्व्हर्टर किंचाळाय लागला. गिरिजाची वाफ अर्धीच राहिली. मशीनमध्ये दोष आहे.

२३ मार्च
परवा कोकण. आज श्रीलंकेची मॅच आणि लाइट न्हाई. शेजारच्या अप्पारावनं विचारलं, टीव्ही गाडीवर चालंल का. आमच्या गल्लीत मॅचसाठी ट्रॅक्टरची बॅटरी मागितली तर कुणी न्हाई म्हणत न्हाई. गिरिजा म्हणे, मला लागली तर? एका मॅचनं काय होतं.

२४ मार्च, सकाळी
हरलो. बिलकुल खेळलेच न्हाईत. मधे दोनदा गाडी चालू करावी लागली, बॅटरी मात्र शेवटपर्यंत टिकली. अप्पारावला बोलून दाखवलं, याला म्हणतात निवड.

२५ मार्च
काल संध्याकाळी लाइट गेली आणि गिरिजाला दम लागला. मशीन लावलं, हूं न्हाई की चूं न्हाई. गाडीत घालून अंबडच्या दवाखान्यात न्यावं म्हटलं, तर गाडीही सुरू होईना. मॅचनं दोन्ही बॅटऱ्या खाल्ल्या होत्या, दिवसभरात चार्जिंगला लावायचं राहून गेलं. तिचे ओठ निळे पडले. मी फार घाबरलो. अप्पारावनं ट्रॅक्टर काढला, म्हणून पोचलो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढचं मी ऐकलं न्हाई.
उद्या रामकिसन तिला जालन्याला नेणार. हवापालट. कल्पना माझीच, जागा तेवढी बदलली.

१५ एप्रिल
इन्व्हर्टरची मोठी बॅटरी घेतली. या वेळी नजीरभाईला काम सांगितलं. गाडीत बसवून गिरिजाला आणायला जालन्याला गेल्तो. पंखा, लाइट, मशीन, सगळं चालवून दाखवलं. मशीन पुरी वाफ होईपर्यंत चाललं. तिनं नीट पाहिलं. म्हणे, चांगली आहे, ही इन्व्हर्टरसकट इथंच राहू द्या माझ्या खाटेपाशी, आणि तुम्ही उजेड आहे तोवर निघा.
घरी कधी येशील, विचारलं. रामकिसनला म्हणाली, पाना आणून दे, यांना बॅटरी सोडायची आहे.
मीच सोडून दिली. वाईट वाटलं. येताना गाडी हलकी होती, बरी पळाली.