वखारीच्या कागदावरची ओळ

६ जानेवारी, सोमवार

आलो बुवा मुंबईत. ठाकूरद्वारच्या वाडीत बाबुरावकाकांची मागची खोली मिळाली. दहा बाय आठ, एक खिडकी, खिडकीत काकांची तुळस. काकांनी आल्या आल्या नाव विचारलं, गाव विचारलं, आणि इचलकरंजी ऐकल्यावर म्हणाले की आपणही लूमवरचेच, फक्त परळच्या गिरणीतले. चहा त्यांनीच पाजला.

ऑफिस चालत सात मिनिटांवर. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन जिने चढलं की आम्ही. माणसं नऊ. मालकीण सुचित्रा मॅडम, हसतमुख पण घड्याळाला फार धरून. माझ्या शेजारच्या टेबलावर आकांक्षा, लालबागच्या चाळीतली, तोंडाची फटकळ. यंत्राने केलेलं भाषांतर गिऱ्हाईकाकडे जाण्याआधी त्यातले दोन-चार कागद तपासायचे हे तिचं काम. मला बघून म्हणाली, घाटावरून आणखी एक आला. मी म्हटलं, घाटावरची माणसं नसती तर मुंबईला दूध कोणी पाजलं असतं? गट्टी जमली.

रात्री आईला फोन केला. तिने तीनदा विचारलं, जेवलास का. मजेत आहे मी.

९ जानेवारी, गुरुवार

माझं काम आईला काही केल्या समजेना, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. कारखाने, दवाखाने, सोसायट्या आपले इंग्रजी कागद आमच्याकडे पाठवतात. यंत्र त्यांचं मराठी करतं. ते मराठी बाहेर कसं पडावं हे एका फाइलीत ठरलेलं असतं, आणि ती फाइल आता माझ्या ताब्यात आहे. 'तुम्ही' म्हणायचं की 'तू', आकडे मराठी की इंग्रजी, माणसांची नावं तशीच ठेवायची की नाही, शिवी आली तर तिथे फुल्या मारायच्या का, अशी चाळीसेक कलमं.

त्यातलं एक कलम मला पहिल्या दिवसापासून खुपतंय. यंत्राला एखाद्या वाक्याची खात्री वाटली नाही तर ते वाक्य इंग्रजीतच ठेवून देतं. एवढं स्वच्छ मराठी पान आणि मध्येच एक इंग्रजी ओळ, पुरणपोळीत खडा लागावा तशी. गिऱ्हाइकंही कुरकुर करतात म्हणे.

१५ जानेवारी, बुधवार

आज मी तो खडा काढला. त्या कलमापुढे इंग्रजीत 'कीप' होतं, म्हणजे ठेवा. ते खोडून 'ड्रॉप' केलं, म्हणजे गाळा. चार अक्षरांच्या जागी चार अक्षरं. आता जिथे खात्री नाही ती ओळ येतच नाही. पान कसं लख्ख दिसतं!

आकांक्षाने नाक मुरडलं. गाळलेल्या ओळींची यादी तरी कुठे दिसू दे, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं करू पुढच्या आठवड्यात. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि पियुष मागवलं. दोन ग्लास प्यायलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

२८ जानेवारी, मंगळवार

रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत काल एक माणूस गेला. धनेश नाव, वय चोवीस, लाकूड उतरवण्याच्या कामावर. लाकडाला कीड लागू नये म्हणून शेडमध्ये ताडपत्रीखाली औषधाच्या गोळ्या ठेवतात, त्यांचा विषारी वायू होतो. ताडपत्री काढलेली दिसली म्हणून तो आत गेला आणि तिथेच पडला. आकांक्षा रडत होती. तो तिच्याच चाळीतला, तिच्या खालच्या मजल्यावरचा. बकुळाबाईंचा एकुलता एक.

वखारीच्या भिंतीवर सूचनांचा मराठी कागद होता. खाली बारीक अक्षरात आमच्या कंपनीचं नाव.

२९ जानेवारी, बुधवार

दोन्ही कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. इंग्रजीत नऊ ओळी. मराठीत आठ.

सातवी ओळ अशी होती, की ताडपत्री काढल्यावरही शेडची दारं पूर्ण एक दिवस उघडी ठेवावी आणि तोवर कोणीही आत पाऊल टाकू नये. वाक्य लांबलचक, वेडंवाकडं. यंत्राला खात्री वाटली नाही. कागद आमच्याकडून सोळा जानेवारीला गेला होता. माझ्या बदलाच्या दुसऱ्या दिवशी.

आकांक्षाने तपासलेल्यांत हा कागद नव्हता. जेवण गेलं नाही. काकांना सांगितलं पोट बिघडलंय.

१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी बोलावून दार लावलं. चौकशी होणार, लेखी उत्तर द्यायचं आहे. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की यंत्र कधीकधी आपणहून चुकतं हे जगाला ठाऊक आहे. आणि यंत्राची चूक आणि माणसाची चूक यांत फार फरक पडतो, तुझ्या वयाला तर फारच.

कोणी, कधी, काय बदललं हे त्या फाइलीच्या इतिहासात कायम राहतं. निदान राहायला हवं. मी दुपारी बसलो आणि त्या बदलावरून माझं नाव पुसलं. तारीख पुसली. 'ड्रॉप' पहिल्यापासूनच होतं असं दिसेल असं केलं. मग उत्तर लिहिलं: सदर ओळ यंत्राकडून गाळली गेली, त्यास कोणीही व्यक्ती जबाबदार नाही. खाली मॅडमची सही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आकांक्षाने नुसतं पेन मागितलं तरी दचकलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

बकुळाबाई ऑफिसात आल्या. बरोबर त्यांचे भाऊ कोंडीराममामा, पोस्टातून निवृत्त झालेले. ओळी मोजल्या त्या त्यांनीच. बाई रडत नव्हत्या. रडणारी बाई परवडते. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत सुटल्या की ही ओळ कोणी काढली.

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं, म्हणजे हा समजावून सांगेल. मी समजावलं. यंत्र, खात्री, टक्केवारी. आवाज माझाच मला गोड वाटत होता, इतका गुळगुळीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग फक्त म्हणाल्या, "मशिनीक हात आसतत काय रे?"

मी म्हटलं, नाही. मग त्या गेल्या. जिन्यात कोंडीराममामांनी त्यांना धरलं होतं.

राग आला मला. खरंच आला. वखारवाल्याने दाराला कुलूप का लावलं नाही? मुकादम कुठे मेला होता? सगळ्या जगाची ओळ माझ्याच गळ्यात का?

१० फेब्रुवारी, सोमवार

आकांक्षाने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. काल चाळीच्या चौकातल्या देवळीपुढे गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे ही चाल नाही. कोकणातली माणसं देवाला आपलं म्हणणं मोठ्याने सांगतात, एकजण बोलतो आणि बाकीचे एका सुरात होकार भरतात. एरवी लग्नाला, घराला, परीक्षेला. काल बकुळाबाईंनी नारळ ठेवला आणि कोंडीराममामा बोलले (झील म्हणजे मुलगा, आवस म्हणजे आई):

"बा देवा म्हाराजा! जेना कोणी हिच्या झिलाची ओळ गाळल्यान, तेचा नाव आमका म्हायत नाय, तुका म्हायत आसा. जशी तेना ओळ गाळल्यान, तसो तू तेका गाळ. तेच्या आवशीच्या तोंडातसून गाळ, तेच्या ताटावरसून गाळ, म्हाराजा!"

आणि सगळी चाळ: "होय म्हाराजा!"

आकांक्षा म्हणाली, तिनेही होय म्हटलं. अगदी पोटातून म्हटलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती. तिला संशय आहे का? असला तर असू दे. मी विज्ञान शिकलेला माणूस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हजेरीचं यंत्र अंगठा घेईना. दहा वेळा पुसला. शेवटी वहीत सही केली. आकांक्षाला गंमत म्हणून सांगितलं तर तिने वळूनही पाहिलं नाही. कानात काहीतरी घातलं असेल.

खाणावळीत बसलो, वाढप्याने उजवीकडच्याला वाढलं, डावीकडच्याला वाढलं. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा उठून आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हजेरीच्या वहीतली परवाची सही नाही. खाडाखोड नाही, डाग नाही. माझ्या वरचं नाव आणि खालचं नाव जवळ सरकलेली आहेत, मधे जागाच नाही.

मॅडमच्या टेबलासमोर पाच मिनिटं उभा होतो. त्या फोनवर कोणाला तरी सांगत होत्या की भाषांतराची फाइल बघणारा माणूस अजून मिळालेला नाही, जागा डिसेंबरपासून रिकामी आहे. मी टेबलावर हात आपटला. त्यांनी पंखा कमी केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांनी वाडीच्या दाराशी पाटी लावली. खोली भाड्याने देणे आहे. मी आत असताना दोन माणसं खोली बघून गेली. एक माझ्या पलंगावर बसून गादी दाबून बघत होता, आणि मी त्या पलंगावरच होतो.

भीती वाटते. लिहायला लाज नाही. भीती वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईला फोन केला.

तिने उचलला. मी आई म्हटलं. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडलो. मागून बाबांनी विचारलं कोण आहे. ती म्हणाली, कोणी बोलतच नाही. मग ती नव्या शेजारणीशी बोलू लागली, फोन ठेवायचा राहिला असावा. शेजारणीने विचारलं असणार, मुलं किती. आई म्हणाली, एकच, मुलगी. मुलगा हवा होता पण नाही झाला.

किती सहज म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कळलं मला. नाव परत घालायचं. ज्या फाइलीतून पुसलं तिथेच परत लिहायचं, मग सुटेन. ऑफिसात गेलो, आकांक्षाच्या कॉम्प्युटरवर बसलो, ती जेवायला गेली होती. 'ड्रॉप'चं 'कीप' केलं. ते राहिलं. खाली माझं नाव लिहिलं. जतन केलं. उघडलं. नाव नाही. पुन्हा लिहिलं. नाही. अकरा वेळा. यंत्राला माझी खात्री —

मॅडमची सही मात्र ठणठणीत. ती का राहते? मॅडमनी सांगितलं म्हणून मी — तिला का नाही? तिलाही न्या. देवा, तिलाही —

पण पुसलं मी. हात माझे होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही चाळली. सहा जानेवारीच्या पानावर काकांनी नाव विचारलं असं आहे. मी काय सांगितलं ते आठवत नाही. आडनाव म-ने — की —

पाकिटातल्या ओळखपत्रावर फोटो आहे. भिंतीचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

देव काही मशीन नाही. त्याला माफी कळत असेल. उद्या लालबागला जातो. बकुळाबाईंच्या पायावर डोकं ठेवतो. पोलिसात द्या, चाळीने मारा, काही करा. पण नाव घेऊन मारा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. दार उघडंच होतं. बाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. धनेशचा फोटो कपाटावर, ताजा हार. समोर कोंडीराममामा आणि आकांक्षा.

मी पाया पडलो. म्हटलं, मी केलं. ओळ मी गाळली, नाव मी पुसलं, खोटं मी लिहिलं. सगळं म्हटलं. रडत म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

त्या तांदूळ निवडत होत्या.

आकांक्षा त्यांना विचारत होती, त्या माणसाला देवाने गाळलं की नाही ते कळणार कसं. बकुळाबाई म्हणाल्या की न कळो. त्यांना तो मरायला नकोच होता. त्याने एकदा दारात येऊन आपल्या तोंडाने कबूल केलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी देवापुढचा नारळ उचलला असता. रोज दार त्यासाठीच उघडं ठेवतात. पण कोणी येत नाही.

मी त्यांच्या हातभर अंतरावर होतो. मी बोलत होतो. बोलतच होतो —

बाईंनी पायांवरून पदर ओढून घेतला आणि मामांना म्हणाल्या, "वारो येता. दार लोट."

मामांनी दार लोटलं. मी आत की बाहेर —

२१

लिहिलेलं राहत नाही. वरच्या ओळी कमी होतायत. भरभर लिहितो.

कोणाला ही वही सापडली तर बकुळाबाईंना वाचून दाखवा. लालबाग. आकांक्षाला पत्ता माहीत आहे. एवढंच वाचा, बाकी नको —

बाई, धनेशच्या कागदावरची ती ओळ यंत्राने नाही गाळली. ती गाळली