बिनखिळ्यांचं घर

प्रुइटसाहेबांचा मळा, कॅलिफोर्निया
३ ऑगस्ट १९१९

ती. सेइजीदादास,
तोमेचा सा. न. वि. वि. तुझं कुशल तू कळवत नाहीस, मीच गृहीत धरते.

आपल्या जपान्यांना इथे जमीन घेता येत नाही, खंडाचा करारही तीनच वर्षांचा. तो सप्टेंबरात संपतोय. एकही खिळा न मारता तू हे घर बांधलंस ते याचसाठी. पाचरा काढून खांब-तुळया नव्या मळ्यावर उभ्या करणं तुझ्याशिवाय कुणाला जमणार? ह्यांना क्षयाने पोखरलंय. आपल्याच घरात डोळे मिटायचे, एवढा एकच हट्ट धरलाय.

मालकीणबाई परवा बुटांसकट चटयांवर फिरल्या आणि किती गोड खेळणं म्हणाल्या. मी नंतर चटया पुसल्या.

लोभ आहे तसाच राहू दे.
तोमे

१२ ऑगस्ट

चि. तोमेस,
अ. उ. आ. फोटो बघून नवरा केलास. मला विचारलं असतंस तर न किडलेलं लाकूड शोधून दिलं असतं.

धुळीने हान्झोचा खोकला वाढेल. दोघं शहरात माझ्या घरी येऊन राहा. मी एकटाच जाऊन घर उतरवतो.

लोभ असावा, रडगाणं नसावं.
सेइजी

२८ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. नव्या मळ्यावर अजून एक फळीही पोचली नाही म्हणे. हे रोज सकाळी विचारतात, खांब उभे राहिले का. तुझ्या लोखंडी खाटेवर त्यांना झोप लागत नाही. काय ते लवकर कळव.

तुझीच,
तोमे

२ ऑक्टोबर

चि. तोमेस,
अ. उ. आ. घर उभं राहिलं, पण प्रुइटबाईंच्या बागेत, तळ्याकाठी. बदल्यात त्या मला गावातली मोठी कामं मिळवून देणार आहेत. जन्मभर फळांची खोकी ठोकत बसू का? हान्झोला घर काय आणि खाट काय, दिवस तेवढेच.

दर रविवारी पाहुण्यांना चहा द्यायला किमोनोतली बाई हवी आहे. तुझं नाव सुचवलंय. मागच्या फाटकाने ये.

राग धरू नये.
सेइजी

९ ऑक्टोबर

सेइजीस,
घर नव्या मळ्यावर उभं राहिलं, असं मी ह्यांना सांगितलं. तोंड कुठल्या दिशेला, त्यांनी विचारलं. दक्षिणेला, मी म्हणाले. सोमवारी हे गेले, तुझ्या खाटेवर.

रविवारी चहा द्यायला येते. ह्यांच्या अस्थी बरोबर आणीन आणि आतल्या कोनाड्यात ठेवीन. पाहुण्यांनी विचारलं तर तूच सांग, जपानी शोभेची वस्तू आहे म्हणून.

लोभाची तसदी आता नको.
तोमे