मागे तीन गिअर, पुढे एक

सोम., ६ नोव्हें. १९६७, बोईसर
गाडी दुरुस्त होऊन मिळाली. म्हणजे मिळाली असं बा.मि.चं म्हणणं. (बा.मि. = बाबू मिस्त्री. आजनंतर त्याचं पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.) हे म्हणाले होते, मनोरच्या हायवेवर बारा वर्षं ट्रक खोललेला माणूस, आपली गाडी म्हणजे त्याला खेळणं. खेळणंच केलं तिचं.

तक्रार एवढीच होती की मागच्या चाकांकडून घूं घूं आवाज येतो. आठ दिवस त्याच्या गॅरेजात होती. आज बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सरळ मागे, त्याच्या पाण्याच्या पिंपावर. वाटलं, चूक माझीच. नीट बघून पुन्हा पहिला टाकला. पुन्हा पिंप.
"बाई, रिव्हर्स कशाला टाकता?"
"पहिला टाकलाय."
मला उठवून स्वतः बसला. तोही पिंपावर. उतरून पिंप सरळ केलं. मग म्हणाला, "पन आवाज गेला का नाय?"
आवाज गेला, हे खरं.

मंगळ., ७
स्थिती अशी: रिव्हर्स टाकला की गाडी पुढे जाते. पहिला, दुसरा, तिसरा टाकला की मागे. यांनी अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावरून आल्या आल्या आकृती काढली. म्हणे मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक उलट्या बाजूला बसवलंय. आकृतीच्या नादात माझी पोळी करपली. बा.मि.ला कागद दाखवला तर म्हणतो, "साहेब सिमेंटवाले. त्यांना काय कळतं?" खोलायला तयार नाही. खोललं म्हणजे चूक कबूल. त्याच्या मते गाडीला "सवय" व्हायला चार दिवस लागतात.

गुरु., ९
रिव्हर्स टाकून पुढे गेले, सालवडला, दोन पेशंट. वेग पायी चालण्याचा, इंजिनचा आक्रोश विमानाचा. एक बैलगाडी मागून येऊन पुढे गेली. गाडीवान आदबीनं म्हणाला, "बाई, दोरी बांधू का?"
माझ्या दवाखान्यातली आया जनी कंटाळून उतरली, चालत गेली, माझ्या आधी पोचून हात धुऊन बसली होती. येताना रेडिएटर उकळला.

शुक्र., १०
गॅरेजात जाऊन भांडले. आवाज चढला. दोन ट्रकवाले कान देऊन उभे. बा.मि.नं मला बाजूला घेतलं. "बाई, हळू. धंद्याचा सवाल हाय."
म्हटलं, माझाही आहे. बाळंतिणी थांबत नाहीत.
ठरलं: रविवारी आमच्या अंगणात येऊन, कुणी बघणार नाही असं, खोलील.

रवि., १२
सकाळीच आला. जॅक काढतोय तोच कुंभवलीहून माणूस धावत. बायको कालपासून अडलीय, बाळाचा पाय बाहेर आलाय.
टांगा नाही. पुढे जायचं तर तो एकच गिअर, अर्ध्या वाटेत इंजिन उकळणार.
बा.मि. म्हणाला, "मागं तीन गिअर हायेत, बाई."
जनी म्हणाली, "आमी नाय बसनार. मढंबी कोनी असं नेत नाय." मग बसली.
तो स्टिअरिंगवर, मान मागे पिळून. बाळंतिणीचा नवरा त्याच्या शेजारी, डोळे मिटून. आम्ही दोघी मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेकडे तोंड. आमच्या डोक्यांमुळे त्याला रस्ता दिसेना, म्हणून तो मी सांगायचा.
"डावीकडे!"
"कोनाची डावी?"
एक म्हैस वाचली. कुंपण नाही. वेशीवर कुणीतरी म्हणालं, "प्रकल्पाची नवी गाडी हाय."

बाळंतपण. दोन्ही पाय, कंबर, हात आले. डोकं अडलं. जनीनं वरून दाबलं, मी बाळाच्या तोंडात बोट घालून मान वाकवली. मिनिट एवढं लांब असतं हे दर वेळी विसरते. आला तेव्हा निळा. पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. फुंकर... मग रडला. मीही, पण हात धुताना, कुणी बघत नव्हतं.
आई सुखरूप.
तिची सासू दारातच: "बाय, तू उलटी आली म्हनून पोर उलटा आला!"
बा.मि. ओट्यावर बसला होता. रडणं ऐकून तोंड पुसलं आणि उठून गाडीची मागची काच पुसायला लागला.

सोम., १३
बा.मि. आला. मान डाव्या खांद्याला टेकलेली, सरळ होत नाही. मलम लावून दिलं. लावता लावता खालच्या आवाजात म्हणाला, "चाक मीच उलटं बसवलं, बाई. कोनाला सांगू नका."
म्हटलं, कुंभवलीनं बघितलं ना सगळं.
"त्यांना वाटतंय गाडीच तशी हाय," म्हणाला, आणि जॅक लावला.

मागची चाकं वर गेली तेवढ्यात कुंभवलीची ती सासू स्वतः हजर. हातात केळफूल. पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) नातवाचा पाय दुखऱ्या कमरेला लावला, चार वर्षांचं दुखणं गेलं म्हणते. आता म्हणे उलट्या गाडीलाही तसाच गुण आहे. "बारशाला ये. पन बाय, उलटीच ये. शेजारनीचे दिस भरलेत, तिलापन हीच गाडी पायजे."
गाडीखालून बा.मि.चं डोकं बाहेर आलं. वाकडंच, पण चेहऱ्यावर जुना रुबाब.
"मग बाई? खोलू का नको?"
हे म्हणतात, आत्ताच्या आत्ता खोल. जनी म्हणते, बारसं होऊन जाऊ दे.
मी म्हटलं, चहा पिऊन सांगते. चहा होऊन दोन तास झाले. तो अजून खालीच आहे.