ताईची खोली

बारामती,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात तुला सलाम. तुझी शुगर काय म्हणते? इकडे थंडी छान पडली आहे आणि माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे तुला काळजी करण्यासारखं काही नाही, फक्त रागावण्यासारखं आहे. ते पुढे येईल.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. जन्मभर शाळेत पोरांना गप्प केलेली बाई तू! अनुप उद्या ठिबकच्या कामासाठी इंदापूरला येतोय, त्याच्याकडे हे देते. माझ्या लेकावर राग काढू नकोस, त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही.

नाताळची तयारी जोरात आहे. करंज्या झाल्या. केकचं पीठ शनिवारी बेकरीत नेऊन देईन. गेल्या वर्षी ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायला विसरले आणि कुणाचा तरी करपलेला केक आपल्या गळ्यात पडला, आठवतं ना? यंदा चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्यात. तुझी खोलीही तयार आहे. रंग वाळला, तू पाठवलेला पलंग मांडला, पुस्तकांचं कपाट खिडकीशी लावलं. बावीस तारखेला तू कायमची राहायला येणार, आईबाबांच्या या घरात पुन्हा आपण दोघी असणार, या आनंदात मी महिनाभर नुसती भिरभिरते आहे.

हां. तर खोली.

त्याचं असं झालं, की आमची नाताळच्या गाण्यांची पार्टी या वेळी पणदऱ्याच्या पुढे ऊसतोड कामगारांच्या तळावर गेली. कल्पना माझी. दरवर्षी आपल्याच घरांपुढे गायचं आणि आपलेच चिवडे खायचे, त्यापेक्षा गरिबांना आनंद देऊ, असं मी चर्चच्या महिला मंडळात मोठ्या तोऱ्यात सांगितलं. साडेसातला पोचलो. पाचटाच्या सगळ्या कोप्या चिडीचूप. आम्हाला वाटलं, लाजताहेत. मग काय, ढोलकी, खंजिरी आणि माझा आवाज! तिसऱ्या कडव्याला एका कोपीतून पोटुशी बाई बाहेर आली. सारजा तिचं नाव, बीडकडची. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, गानं ग्वाड हाय. पर आमाला पाटं तीनला फडात जायाचं हाय. निजू द्या की वाईच."

ताई, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आनंद द्यायला गेलो आणि दमल्या माणसांची झोप मोडून आलो. ढोलकीवाला तर ढोलकी पोटाशी धरून चोरासारखा परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. माफी मागितली आणि या वेळी शहाणपणा करून आधी विचारलं, तुला काय हवंय? साडी? ब्लँकेट? ती हसली. म्हणाली, "साड्या लई झाल्या बाई. समदी साड्याच देत्यात. द्यायचं तर म्हैनाभर एक खोली द्या. दार लागंल अशी. पयलं लेकरू कोपीत झालं, थंडीनं गेलं. ह्ये जगाया पायजे."

मी म्हणाले, दिली.

हो, तुझीच. तोंडातून निघून गेलं. आणि तेवढ्यावर न थांबता रविवारी मंडळात सांगूनही टाकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं, आणि तिथेच गोम आहे. सगळ्यांत मागे द्वारकाबाई बसल्या होत्या, ऐंशी वर्षांच्या. त्या मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "शालन, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र व्हय गं? बहिणीचं उचलून दिलंस, त्यात तुजं काय गेलं? तुजी खोली का न्हाय दिलीस?"

खरं सांगते, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आईने तुझ्यासाठी ठेवलेली जरीची साडी मी तुला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली होती आणि दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नव्हतीस. तरी मी तशीच. देताना माझा हात मोठा असतो, फक्त वस्तू दुसऱ्याची असते. मी घरी येऊन प्रार्थनेला बसले, तर देवापुढेही आधी सबबीच सुचल्या. शेवटी सरळ चुकले म्हणून सांगितलं, तेव्हा बरं वाटलं. आता तुलाही सांगते. ताई, चुकले.

तुझी खोली तुलाच राहील. सारजाला मी माझी देते आणि मी बाहेर सोफ्यावर झोपते.

पण इतका वेळ खोली खोली करते आहे, ते खरं कारण नाही. खरं कारण बाळ आहे. नाताळच्या आगेमागे या घरात तान्हं बाळ असेल. तुझं बाळ गेल्यापासून तू कधी बारशाला, बाप्तिस्म्याला गेली नाहीस. अनुप झाला तेव्हा तू सहा महिने आली नव्हतीस. मी कधी विचारलं नाही, तूही कधी बोलली नाहीस. सारजाला मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण त्यापायी तू आलीच नाहीस तर? याचीच मला भीती वाटते. तू यावंस असं मला फार वाटतं, ताई. याहून जास्त काय लिहू.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी आगाऊ
शालन

---

इंदापूर,
१७ डिसेंबर

चि. शालन,

सलाम. पत्र अनुपसमोरच वाचलं. तो चहा पीत सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे.

मुद्द्यावर यायला तुला दोन पानं लागली. परीक्षेत निम्मे गुण कापले असते.

आता खोलीचं. बाळंतिणीला रस्त्याकडची तुझी खोली देतेस? उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र गाणी लावून जातात तिथून. त्या माणसांची झोप एकदा मोडलीस, तेवढं पुरे. तिला माझीच खोली दे. मात्र आता ती मी देते आहे, तू नव्हेस, आणि हे मंडळात सांगायचं नाही. मी तुझ्या खोलीत झोपेन. तू सोफ्यावर जा, नाही तर घोरणं बंद कर.

महिनाभर म्हणजे काय? भर थंडीत महिन्याचं लेकरू घेऊन ती परत कोपीत जाणार का? कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत राहू दे तिला. अर्थात तिला आणि तिच्या नवऱ्याला विचारून. नाही तर आपल्या दयेपोटी तिला कोंडून ठेवशील.

बाळाचं तू शेवटी लिहिलंस, मीही शेवटी लिहिते. ते रडलं की मला काय होईल, ठाऊक नाही. कदाचित उठून अंगणात जाऊन बसेन. बसले तर मागे येऊ नकोस. चहा टाक आणि माझी वाट बघ. मी आत येईन.

अनुप म्हणाला, आई बाळाला अंघोळ घालायला बाई शोधते आहे. शोधू नकोस. त्या वेळी आपली आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून माझ्या बाळाला मीच पायांवर घेऊन अंघोळ घालायचे. एकोणीस दिवस घातली. हात विसरलेले नाहीत.

बावीसला येते.

तुझी
ताई