रुंद खांदे

४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तब्येत जपतोस ना? कामाच्या नादात नुसत्या चहावर दिवस काढू नकोस.

तुझ्या भाच्याने माझ्या जिवाला घोर लावलाय. पंधरावं लागलं आणि अंग कमावण्याचं खूळ डोक्यात शिरलं. जेवण टाकून दुधात कसलीशी पावडर घालून पितो आणि मोबाइलवरच्या उघड्याबंब पोरांशी स्वतःला ताडून पाहत आरशापुढे उभा राहतो. सोमवारी शाळेत चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी पावडर बंद करायला सांगितली, तर म्हणतो, तुला नाही कळायचं.

रागावू नकोस, पण तुझ्या खेळण्यांच्या कारखान्यातले पिळदार वीर लहानपणापासून त्याच्या फळीवर उभे आहेत. सुट्टीत त्याला तुझ्याकडे धाडते. मामाचं तरी ऐकेल.

तुझी,
ताई

२७ एप्रिल

सौ. ताईस सा. न. वि. वि.

पाहुणा सुखरूप पोचला. रागावलो नाही, पण तुझं लिहिणं मनाला लागलं. म्हणून त्याला कारखान्यात नेलं. माझ्या टेबलावर नव्या वीराचा नमुना होता. साहेबांना खांदे आणखी रुंद हवे होते, तसे केलेले. भाचा त्याचे सांधे फिरवत बसला. दंड छातीला अडत होते. शेवटी म्हणाला, "मामा, याचा घास तोंडापर्यंत पोचणारच नाही." आम्ही दोघं खो खो हसलो.

 परतताना आपणच बोलला. वर्गातली पोरं त्याला काडी म्हणतात. पोहताना काढलेला त्याचा फोटो सगळ्यांत फिरवला. तुला सांगायची त्याला लाज वाटली. शाळेत जाऊन भेट, पण त्याला विचारून.

हा साचा मी करणार नाही, असं साहेबांना सांगितलंय. ते दुसऱ्याकडून करून घेतील म्हणा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१९ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

निकालाच्या दिवशी तो आणि मी शाळेत गेलो. बाईंनी त्या पोरांच्या घरी कळवलं, फोटो काढून टाकायला लावला. पावडर सुटली. आरसा अजून सुटलेला नाही.

काल जेवताना त्याने माझंही ताट मांडलं. मी म्हटलं, मला नको, कंबर बघ किती सुटलीये. तो शांतपणे म्हणाला, "आई, हे मी लहानपणापासून रोज ऐकतोय."

मी ताट पुढ्यात ओढलं. वाढून घेतलं. दोघं पोटभर जेवलो.

साहेब काय म्हणाले ते कळव. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
ताई